पुढचं शीड कशानं अडकवायचं? आधी ते उतरवायचं कसं ते ठरवा

प्रश्न असा आला आहे: «आम्ही दोघं बहीणभाऊ, कराडचे. मुंबईहून वीस फुटी जुनी रेसिंग बोट ट्रेलरवर घालून आणली आहे. सराव कोयनेच्या शिवसागरात, बामणोलीला करणार आणि हिवाळ्यात मुंबईच्या बंदरातल्या शर्यतींना उतरणार. बोटीबरोबर पुढची दोन शिडं मिळाली. लहान जिबला पितळी हँक (कड्या) आहेत. मोठ्या जिनोआच्या कडेला फॉइलमध्ये (खाचेच्या पट्टीत) सरकवायची टेप शिवलेली आहे. फोरस्टेवर (डोलकाठीवरून बोटीच्या पुढच्या टोकाला येणाऱ्या तारेवर) प्लास्टिकचं फॉइल आहे, पण ते खालून चिरलंय. कुणी म्हणतं नवं फॉइल टाका, कुणी म्हणतं फर्लर (शीड गुंडाळायचं यंत्र) बसवा. काका, तुम्ही असता तर काय केलं असतं?»

मी फॉइल काढून टाकलं असतं. दोन्ही शिडं सॉफ्ट हँकवर, म्हणजे दोरीच्या कड्यांवर, घेतली असती, शीड खाली ओढायची डाउनहॉलची दोरी ओवली असती आणि वाचलेल्या पैशात हॅलिअर्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, बदललं असतं. फर्लरच्या वाटेला गेलो नसतो. घाईत असाल तर एवढ्यावर थांबा. पण बोट पहिलीच दिसते आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

मी फौजेतला. सिकंदराबादला हुसेनसागरवर एंटरप्राइझ नावाच्या लहान होडीत शिडाची दोरी हातात धरायला शिकलो आणि पुढं मुंबईत मोठ्या बोटींवर नाळेवरचा गडी म्हणून बरेच हंगाम काढले. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. तिथला गडी म्हणजे पुढच्या शिडाचा हमाल. ते चढवायचं त्यानं, उतरवायचं त्यानं आणि अडकलं की शिव्याही त्यानंच खायच्या. त्यामुळं माझं मत नाळेवरून बनलेलं आहे. मागं सुकाणू धरून बसणारा माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल, कारण शीड उतरवताना ओला होतो तो मी, तो नव्हे.

आधी दोन्ही पद्धती डोळ्यांसमोर आणा. घरातला पडदा आठवा. एका खोलीत दांडीवर कड्या असतात आणि पडदा कड्यांना लटकतो. दुसऱ्या खोलीत ॲल्युमिनियमचं चॅनेल असतं आणि पडद्याची किनार त्या खाचेतून सरकते. हँक म्हणजे पहिली खोली. शिडाच्या पुढच्या कडेला, म्हणजे लफला, ठरावीक अंतरावर कड्या आणि त्या फोरस्टेच्या तारेवर अडकवलेल्या. फॉइल म्हणजे दुसरी खोली. तारेवर लांबच लांब खाचेची पट्टी चढवलेली, शिडाच्या कडेला गोल दोरीची किनार शिवलेली, आणि ती किनार खालच्या तोंडातून आत घालून हॅलिअर्डनं वर ओढायची. फरक इतकाच की हा पडदा वाऱ्यात उभा असतो, त्याच्यावर शेकडो किलोंचा ताण असतो, आणि तो उतरवायची वेळ बहुतेक वेळा वाईटच असते.

आता माझी गोष्ट, म्हणजे मी हँकचा पक्षपाती का झालो ते कळेल. निवृत्तीनंतर साताऱ्यात परत आलो तेव्हा माझ्याकडे अठरा फुटी बोट होती, फोरस्टेवर फॉइल. पुतण्याला घेऊन बामणोलीहून निघालो. मे महिना, दुपारचे तीन वाजलेले. पाणी खूप खाली गेलेलं, काठाचा लाल मातीचा पट्टा उघडा पडलेला. आपल्याकडं वळवाचा ढग उठला की वारा आधी पडतो. शीड लोंबायला लागतं, माणूस घाम पुसतो, आणि मग भलत्याच दिशेनं सोसाटा येतो. तसंच झालं. मी हॅलिअर्ड सोडलं. शीड दोन मीटर खाली आलं आणि फॉइलच्या सांध्यात अटकलं. पुतण्यानं नाळेवर पालथं पडून ओढ दिली तेव्हा ते एकदम सुटलं आणि सगळंच्या सगळं खाचेतून बाहेर आलं. फॉइलमधून निघालेल्या शिडाला धरायला काही नसतं. खालचा एक कोपरा, वरचं हॅलिअर्ड आणि मागच्या दोन शीट, म्हणजे शीड आवळायच्या दोऱ्या, बस. वाऱ्यानं ते उचलून पाण्यात टाकलं, बोट पुढं सरकत होती, शीड नाळेखाली गेलं आणि त्यात पाणी भरून त्याची बादली झाली. बोट आडवी, आम्ही दोघं ओढतोय, शीड येत नाही. पाऊस ओसरल्यावर एक लाँचवाला जवळ आला, दोर टाकला, आणि शिडाकडं बघून म्हणाला, «काय हो, तुमच्या पडद्याला कड्या न्हाईत व्हय?»

पडद्याची उपमा त्याचीच. मी वर स्वतःची म्हणून खपवली.

हँक असते तर तेच शीड हॅलिअर्ड सोडल्यावर फोरस्टेच्या बुडाशी गोळा होऊन पडलं असतं. अर्धं पाण्यात गेलं असतं तरी पुढची सगळी कड तारेला बांधलेली राहिली असती. बैल जुंपायला कुणीही जुंपतं, उधळलेला सोडवताना गडी कळतो. दोन माणसांच्या बोटीवर एक सुकाणूवर अडकलेला असतो, म्हणजे शिडापाशी उरले दोन हात. त्यातला एक स्वतःला धरायला लागतो. राहिलेल्या एका हातानं जी पद्धत चालते ती तुमची पद्धत.

आता वेगाचं बघू, कारण फॉइलवाले तिथंच बोट ठेवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. फॉइलमध्ये लफची कड वरपासून खालपर्यंत सलग धरली जाते, तार आणि शीड यांच्यात फट राहत नाही, वारा स्वच्छ चिरला जातो. हँकमध्ये दोन कड्यांच्या मधे कापड किंचित मागं ओढलं जातं, फटीतून थोडी हवा गळते. पण हा फरक किती? तुमची बोट पाच नॉटनं चालली तर सेकंदाला अडीच मीटर जाते, म्हणजे स्वतःची सहा मीटर लांबी अडीच सेकंदांहून कमी वेळात कापते. टॅक मारताना, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडं फिरवताना, जिबची शीट कुठं अडकली आणि दहा सेकंद गेले की चार लांब्या गेल्या. पहिल्या दोन हंगामांत तुम्ही प्रत्येक शर्यतीत असे दहा सेकंद किती वेळा घालवणार आहात, ते मी सांगत नाही. हँकच्या फटीतून गळणाऱ्या हवेचा हिशेब त्यानंतर मांडू.

शिवाय शिडाचा आकार बिघडवणारी खरी गोष्ट कडी किंवा खाच नसतेच. ती असते फोरस्टेचा झोळ. तार कितीही ताणली तरी वाऱ्याच्या भारानं ती बाजूला आणि मागं वाकते. ती वाकली की शीड जास्त पोटाळ होतं, बोट वाऱ्याकडं तोंड करून चढत नाही आणि कलंडते मात्र जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा भार चौपट होतो. तारेचा ताण तेवढाच राहिला तर झोळही साधारण त्याच पटीत वाढतो. ताण दुप्पट केला तर झोळ निम्मा होतो. म्हणून आठ नॉटच्या वाऱ्यात छान दिसणारी जिब सोळा नॉटमध्ये गोणपाटासारखी फुगते आणि लोक शीडवाल्याला नावं ठेवतात. तेव्हा बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीची मागची तार, असेल तर तिची ताणायची व्यवस्था नीट चालते का बघा. नसेल तर बाजूच्या तारांचा ताण मोजून नोंदवून ठेवा. फॉइलवर घालायचे पैसे या कामात घातले तर बोट त्याहून जास्त पळेल. मात्र थोडा झोळ राहणारच. शीड कापणारा तो धरूनच लफला आत वळण देतो. हवा मंद असताना तार कडक ताणून बसलात तर शीड सपाट पडतं आणि बोट चिखलात रुतल्यासारखी उभी राहते.

फॉइल मग कुणासाठी? ज्यांच्याकडं वाऱ्यानुसार बदलायला तीनचार शिडं आहेत, बोटीवर पाचसहा माणसं आहेत, आणि ज्यांच्या शर्यतीत शीड बदलायला परवानगी आहे, त्यांच्यासाठी. चांगल्या फॉइलला दोन खाचा असतात. एका खाचेत जुनं शीड उभं असताना दुसऱ्या खाचेतून नवं वर जातं आणि मग जुनं उतरतं, म्हणजे बोट एक क्षणही शिडाविना राहत नाही. मी हे काम खूप केलंय आणि जमलं की त्यासारखी मजा नाही. पण त्याला नाळेवर एक, डोलकाठीपाशी एक, आणि उतरणारं शीड कवेत घ्यायला एक अशी तीन माणसं लागतात. एकाच प्रकारच्या बोटींच्या शर्यतीत शिडांची संख्या नियमानंच बांधलेली असते, तिथं या दोन खाचांचा फायदाच उरत नाही. पैसे खर्चायच्या आधी तुमच्या बोटीच्या वर्गाचे नियम वाचा. फोरस्टेवर काय चालतं आणि काय नाही ते तिथं लिहिलेलं असतं.

तुमच्या बाबतीत फॉइलविरुद्ध सगळ्यात मोठं कारण पाण्यावर नाहीच, रस्त्यावर आहे. ट्रेलरची बोट म्हणजे दर वेळी डोलकाठी पाडायची, बांधायची, परत उभी करायची. सातसाडेसात मीटरची प्लास्टिकची पट्टी आडव्या डोलकाठीला बांधून यवतेश्वर घाट चढायचा किंवा खंबाटकी उतरायचा, म्हणजे ती पट्टी सारखी झटके खात जाणार. कुठं तरी एकदा मोडते किंवा मुरडते, आणि मुरडलेल्या जागी शीड कायमचं अटकतं. सुट्टं करून मोठ्या वेटोळ्यात गुंडाळता येणारी फॉइलं असतात, पण ती दर वेळी तारेवर चढवण्यात अर्धा तास जातो. त्यात आपल्याकडचं ऊन. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं आणि चिरायला सुरुवात खालच्या तोंडापाशी होते, कारण शीड आत शिरताना तिथंच तिरकी ओढ बसते. तुमचंही तिथंच चिरलंय ना?

बामणोलीत डोलकाठी उभी करताना वर विजेच्या तारा आहेत का ते आधी बघा. ॲल्युमिनियमची काठी आणि ओले हात. याच्यावर आणखी लिहायची गरज नाही. आणि शीड लावून उतरण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. शिवसागर हा धरणाचा जलाशय आहे, काठचं बरंचसं रान कोयना अभयारण्यात येतं, त्यामुळं कुठं जायचं आणि कुठं नाही ते ठरलेलं असतं.

फर्लर. मोह मी समजू शकतो. मागं बसून एक दोरी ओढली की शीड गुंडाळलं, नाळेवर जायला नको. तापोळ्याच्या धक्क्यापाशी लाँचांच्या गर्दीत शिरताना याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. फिरायच्या बोटीला मी डोळे मिटून फर्लर सांगतो. वेगवेगळ्या बोटींचा वेळ तोलून निकाल लावणाऱ्या आयआरसीसारख्या हँडिकॅप पद्धतीत एकच गुंडाळतं शीड वापरणाऱ्या बोटीला थोडी सवलतही मिळते. पण रेसिंगसाठी तीन अडचणी. एक, खालचं गोल ड्रम जागा खातं, शिडाचा खालचा कोपरा वर उचलला जातो आणि डेकला घासून जाणारी शिडाची खालची कड, जिथं फुकटचा वेग मिळतो, ती गमावते. दोन, अर्धवट गुंडाळलेलं शीड पोटाशी जाड आणि वेडंवाकडं होतं. जोराच्या वाऱ्यात सपाट शीड हवं असतं, नेमकं उलटं मिळतं. तीन, वरचा फिरता जोड आणि हॅलिअर्ड यांच्यातला कोन चुकला तर हॅलिअर्डच फोरस्टेभोवती गुंडाळलं जातं. मग शीड धड उघडत नाही, धड मिटत नाही आणि उतरतही नाही. वर चढायला कुणीच नसलेल्या वीस फुटी बोटीवर ही फजिती नको. शिवाय गुंडाळून ठेवलेल्या शिडाला उन्हापासून वाचवायला कडेला जाड कापडाची पट्टी शिवावी लागते, तिचं वजन नेमकं मागच्या कडेवर पडतं.

एक तिसरा प्रकारही दिसेल. लफची कड दुमडून पिशवीसारखी केलेली, ती फोरस्टेभोवती गुंडाळून चेननं बंद करायची. आपण जॅकेटला लावतो तशी चेन. लहान स्पोर्ट बोटींवर हे असतं, आणि वारा फार सुरेख चिरतं. पण चेनमध्ये काठाची माती गेली किंवा मुंबईचं मीठ बसलं की ती मधेच थांबते. नवी बोट अशीच आली तर ठेवा. मुद्दाम करून घेऊ नका.

आणि कुणी हुसेनसागरवाला भेटला आणि म्हणाला की फोरस्टेला शीड अडकवायचंच कशाला, तर तोही बरोबर बोलतोय, पण त्याच्या बोटीपुरता. एंटरप्राइझ, फायरबॉल, चारशेसत्तर या डिंग्यांमध्ये, म्हणजे लहान उघड्या होड्यांमध्ये, जिबच्या लफमध्येच तार असते. हॅलिअर्डला पटीपटीची कप्पी किंवा तरफ लावून ती तार इतकी ताणतात की डोलकाठी तिच्यावरच उभी राहते आणि फोरस्टे सैल लोंबते. तिचं काम शीड खाली असताना काठी पडू न देणं, इतकंच. तेरा फूट तीन इंचांच्या एंटरप्राइझला, जॅक होल्टनं 1956 साली आखलेल्या बोटीला, हे शोभतं. तुमच्या कीलबोटीत, म्हणजे तळाला वजनदार पातं असलेल्या बोटीत, डोलकाठीचा पुढचा सगळा भार फोरस्टेवर आहे. तिथं हा प्रयोग करू नका.

मग सॉफ्ट हँक का, पितळीच का नको? पितळी हँक वाईट नाहीत. जिबवर आहेत ते चालत असतील तर या हंगामात ठेवलेत तरी चालेल. फक्त त्यांच्या आतली स्प्रिंग आणि दट्ट्या मीठ खाऊन बसतो. मुंबईहून आल्यावर जिबची पुढची कड रात्रभर गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायची. तेल घालू नका, शिडावर पडलेले डाग निघत नाहीत. सगळ्या कड्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत ना बघा. एक जरी उलटी अडकवली तरी शीड त्या जागी पीळ खातं, आणि हे तुम्हाला शीड वर गेल्यावरच दिसतं. पण पितळी कडी वजनदार, फडफडताना हाताला लागली की नख काळं होतं, आणि फोरस्टेच्या तारेवर घासून घासून कडीचाच आतला भाग झिजतो.

सॉफ्ट हँक म्हणजे डायनिमाच्या, फार बळकट आणि जवळजवळ न लांबणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या, दोरीचा फासा. चार मिलिमीटरची पोकळ विणीची दोरी घ्यायची. तिचं एक टोक फास्यासारखं ठेवायचं, दुसऱ्या टोकाला गोल गुंडीची गाठ. शिडाच्या आयलेटमधून, म्हणजे धातूची कडी ठोकलेल्या भोकातून, फासा अडकवला, तारेभोवती फिरवला, गुंडी फास्यातून काढली की झालं. आपल्या आजोबांच्या बाराबंदीला असेच बंद असायचे. इतक्या जाडीची दोरी टनापेक्षा जास्त भार घेते. गाठीमुळं ताकद बरीच घटली तरी तुमच्या जिबच्या एका कडीवर येणाऱ्या भाराला ती भरपूर होते. वजन जवळजवळ नाही, मीठ खात नाही, हाताला लागत नाही. गाठी घरी बसून बांधता येतात. पहिल्या दोन बिघडतील, तिसरी जमेल. फासा तारेवर सैलसर हवा, मधून करंगळीचं टोक जाईल इतका. घट्ट केलात तर शीड खाली येताना अडेल, फार सैल ठेवलात तर लफ तारेपासून लोंबेल.

सॉफ्ट हँकचा शत्रू एकच: तारेचा तुटलेला बारीक धागा. एक्केरी एकोणीस धाग्यांच्या तारेत एखादा धागा तुटून बाहेर आला की तो काट्यासारखा दोरी कापतो. सुती फडकं हातात घेऊन तार वरून खालपर्यंत पुसा. फडक्याचा दोरा जिथं अडकेल तिथं काटा आहे. आणि काटा सापडला तर तो कापून टाकून समाधान मानू नका, तार बदला. एक धागा तुटला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत. फॉइल काढल्यावर हे काम सगळ्यात आधी करा, कारण इतकी वर्षं ती तार त्या प्लास्टिकखाली कुणी पाहिलेलीच नाही. मला विचाराल तर बोट जुनी आहे, इतिहास माहीत नाही, फोरस्टे नवीनच घाला.

आता जिनोआ. तिची टेप उसवू नका. टेपच्या मागं, कडेपासून थोडं आत, जिथं कापड दुहेरी आहे तिथं पितळी आयलेट ठोकून घ्या आणि त्यातून सॉफ्ट हँक ओवा. टेपमुळं उलट कडेला बळ मिळतं, आणि पुढं कधी फॉइलकडं वळलात तर ती उपयोगी पडेल. दोन हँकमधलं अंतर पन्नास ते साठ सेंटिमीटर ठेवा. साडेसात मीटरच्या लफला साधारण तेराचौदा हँक होतील. वरचा पहिला हँक शिडाच्या माथ्याच्या अगदी जवळ हवा, कारण ओढ तिथं सर्वांत तिरकी बसते. जिथं आयलेट ठोकायचं तिथं आधी शिडाच्याच कापडाचा तुकडा दोन्ही बाजूंनी शिवून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत आयलेट कापडासकट हातात येईल.

शिवून कुणाकडून घ्यायचं हा साताऱ्या-सांगलीकडचा खरा प्रश्न. शीड शिवणारा इथं कुठून मिळणार? मी ताडपत्री शिवणाऱ्याकडं गेलो. सांगलीत हळदीच्या पेठेच्या आसपास असे कारागीर मिळतात, त्यांची यंत्रं जाड कापड सहज ओढतात. पण पहिल्या वेळी मी नुसतं शीड देऊन चहा प्यायला गेलो आणि परत येईपर्यंत त्यानं सरळ टीप मारून ठेवली होती. ताडपत्रीला सरळ टीप चालते. शीड ताण खातं, कापड लांबतं, सरळ टिपेचा दोरा तटातट तुटतो. नागमोडी टीप मागा. दोरा पॉलिएस्टरचा, उन्हाला टिकणारा, तुम्हीच विकत घेऊन न्या. त्याच्याकडं बहुधा नायलॉनचा असेल, तो उन्हात लवकर मरतो. सुईची भोकं पुन्हा पुन्हा पाडू नका असंही सांगा. शिडाच्या कापडात एकदा पडलेलं भोक बुजत नाही. चूक कारागिराची नव्हती. त्याला शीड दाखवून हे उभं राहतं कसं ते सांगितलं असतं तर त्यानं आधीच विचारलं असतं. दुसऱ्या वेळी त्यानंच माथ्याचा तुकडा माझ्यापेक्षा चांगला कापला.

डाउनहॉल विसरू नका, माझ्या मते हँकची निम्मी किंमत त्यातच आहे. चारपाच मिलिमीटरची साधी दोरी शिडाच्या माथ्याला बांधायची, वरच्या तीनचार हँकच्या आतून ओवायची, खाली नाळेपाशी एका लहान कप्पीतून फिरवून कॉकपिटपर्यंत, म्हणजे मागं बसायच्या जागेपर्यंत, आणायची. सोसाटा आला की एकानं हॅलिअर्ड सोडायचं आणि हीच दोरी ओढायची. शीड आपोआप खाली येतं आणि खालीच राहतं. नाळेवर कुणी जायचं नाही. फर्लरची जी एक सोय तुम्हाला हवी होती ती तुम्हाला एका दोरीत मिळाली. शीड चढवताना ही दोरी क्लीटमधून, म्हणजे दोरी अडकवायच्या पकडीतून, मोकळी आहे ना तेवढं बघा. मी एकदा दहा मिनिटं हॅलिअर्ड ओढत होतो आणि शीड वर का जात नाही म्हणून कप्पीला दोष देत होतो.

हॅलिअर्ड जुनं पॉलिएस्टरचं असेल तर तेही बदला. ते ताणाखाली लांबतं, शर्यतीच्या मध्यात लफ सैल पडते आणि प्रत्येक हँकपासून मागं आडव्या सुरकुत्या पडतात. लोक म्हणतात, हे बघा, हँकमुळं शीड चुणतं. हँकमुळं नाही, हॅलिअर्ड लांबल्यामुळं. न लांबणारं डायनिमाच्या गाभ्याचं हॅलिअर्ड घाला आणि त्या आडव्या सुरकुत्या जेमतेम नाहीशा होईपर्यंत ताणा. लफला समांतर उभी घडी दिसली की जास्त झालं, बोटभर सोडा. वारा वाढला की पुन्हा थोडं ताणा. हे काम शर्यतीत सतत करायचं असतं, म्हणून हॅलिअर्डला खूण करून ठेवा, शाईच्या पेननं, मंद आणि जोराच्या वाऱ्यासाठी वेगवेगळी.

आणि शीड बदलायचं झालं तर? हँकवर बदलताना बोट काही वेळ पुढच्या शिडाविना राहते, हे खरं. तो वेळ कमी करायची जुनी युक्ती आहे. उभ्या शिडाचे खालचे एकदोन हँक सोडा, ते शीड खालच्या कोपऱ्यावर आणि वरच्या हँकवर तगून राहतं. मोकळ्या झालेल्या तारेवर नव्या शिडाचे सगळे हँक एकावर एक अडकवून ठेवा. मग जुनं खाली, वरून हँक सोडत जायचं, हॅलिअर्ड नव्याला, आणि वर. तुम्हा दोघांना सरावानं हे दोन मिनिटांत जमायला हरकत नाही. अंगणात ट्रेलरवर काठी उभी करून करा. शेजारी हसतील, हसू द्या. पण माझं ऐकाल तर पहिला हंगाम शर्यतीच्या आधीच वारा बघून एक शीड निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मुंबईत दुपारी वायव्येकडून समुद्रवारा वाढत जातो, तेव्हा सकाळच्या मंद हवेवर भुलून जिनोआ चढवू नका. दुपारी ती खाली खेचताना हात भरून येतील.

शिवसागरात उलटं. हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, सांगलीच्या कृष्णेवरल्या होड्यांच्या शर्यतीतली वल्ही असती तर बरं झालं असतं असं वाटेल. तिथं जिनोआ लावा. डोंगराच्या सोंडांमधून वारा तुकड्यातुकड्यानं येतो, इथं आहे आणि शंभर मीटरवर नाही. सरावाला मात्र याहून चांगली शाळा नाही, कारण हॅलिअर्ड आणि शीट दर मिनिटाला हलवावी लागते.

जिनोआ पुढच्या खेपेला साताऱ्यात घेऊन या. आयलेट ठोकायचा साचा आणि हातोडी माझ्याकडं आहे. कापडाचे तुकडे आणि पॉलिएस्टरचा दोरा तेवढा तुम्ही आणा, आणि फोरस्टेही उतरवून आणा, फडकं मीच मारून बघतो.